सहल बदलली, तर संमतीही नव्याने घ्या

“सहल म्हटली की ऐनवेळी थोडे इकडेतिकडे होणारच. पालकांनी समजून घ्यायला हवे.” दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या आणि मुक्कामी सहलींच्या याद्या लागल्या की हे वाक्य आमच्या साखरखेर्ड्यात आणि आसपासच्या गावांत हमखास कानावर पडते. कधी शिक्षक म्हणतात, कधी संस्थेचे पदाधिकारी. पालक सभेत पुढच्या रांगेत बसलेले, घरी चारचाकी असलेले पालकही इतरांना हेच ऐकवतात. ऐकायला ते समंजस वाटते, पण मला ते मान्य नाही. बदल एकाने करायचा, त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची आणि मोजणाऱ्याने तोंडही उघडायचे नाही, हा समंजसपणा नव्हे.

आधी ‘थोडे इकडेतिकडे’ म्हणजे काय ते पाहू. सहल पहाटे निघणार होती, ती आदल्या रात्रीच निघणार असे ठरते. एसटीची गाडी मिळणार होती, तिच्या जागी खासगी ट्रॅव्हल्स येते. भक्तनिवासातला मुक्काम रद्द होऊन कुठल्याशा मंगल कार्यालयात सोय होते. सोबत येणार असलेल्या बाई घरच्या अडचणीमुळे येत नाहीत. वर्गणीत पाचशे रुपये वाढतात. यातली एखादीच गोष्ट बदलली तर घर ती सावरून घेते. बहुतेक वेळा दोन-तीन गोष्टी एकदम बदलतात, आणि त्याचा निरोप निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ग्रुपवर येतो.

तो निरोप कुणापर्यंत पोचतो? डिसेंबरात आमच्याकडे कापसाची वेचणी चालू असते आणि तुरीची सोंगणी तोंडावर आलेली असते. आई सकाळीच शेतात गेलेली असते. घरातला एकुलता मोबाइल वडिलांकडे असतो, आणि वडील कामासाठी पुण्याला किंवा ऊसतोडीला गेलेले असतात. मूल आजीजवळ राहते. शेजारच्या मुलाने निरोप वाचून दाखवला तर कळते, नाही तर शाळेच्या फाटकाशीच कळते. गुंज, शिंदी, सवडद अशा गावांतून येणाऱ्या मुलांच्या घरी प्रश्न आणखी वेगळा असतो. पहाटे चारला पोराला दुचाकीवर सोडायला चुलत्याला सांगून ठेवलेले असते. गाडी रात्री अकराला निघणार म्हटल्यावर त्या चुलत्याला कुठे गाठायचे? ज्यांच्या दारात चारचाकी आहे त्यांना हा बदल दहा मिनिटांचा वाटतो. रोजंदारीवर जाणाऱ्या घरात त्याच बदलाने एक दिवसाची मजुरी बुडते, उसनवारी करावी लागते आणि रात्रभर जीव टांगणीला लागतो.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. पालकाने सही केली ती एका ठरलेल्या सहलीसाठी. त्या सहलीची तारीख ठरलेली होती, गाडी, मुक्काम आणि सोबतची माणसे ठरलेली होती, पैसेही ठरलेले होते. यातले काही बदलले की ती सहल राहिली नाही, आणि त्या सहीचा आधारही उरला नाही. शाळेला बदल करायचा असेल तर जरूर करावा, पण पालकाला पुन्हा विचारावे. पालकाने ‘नको’ म्हटले तर पूर्ण पैसे परत द्यावेत आणि त्या मुलाला वर्गात कमीपणा येऊ देऊ नये.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: शाळा म्हणजे दुकान नव्हे, तिथे करारमदाराची भाषा कशाला? भाषा करारमदाराची नसेल, पण संमती म्हणजे काय याची व्याख्या या देशात दीडशे वर्षांपासून लिहून ठेवलेली आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १३ वे कलम सांगते की दोन माणसांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती. किराणा दुकानाची उधारी असो की साखरपुड्याची बैठक, व्यवहारात आपण सगळे हे पाळतो. ठरल्यापेक्षा वेगळे झाले तर समोरच्याला आधी सांगतो. मग पोटच्या पोराच्या बाबतीतच ही रीत का सोडायची?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ज्या गोष्टींना किरकोळ म्हणून उडवून लावले जाते, नेमक्या त्यांच्यावरच मुलांची सुरक्षितता अवलंबून असते. गाडीचेच घ्या. एसटी महामंडळ शालेय सहलींना प्रासंगिक करारावर भाड्यात पन्नास टक्के सवलत देते, आणि आमच्याकडचे पालक त्याच भरवशावर हो म्हणतात. लाल गाडीचा चालक महामंडळाचा असतो. त्याची नोंद असते, गाडी आगारातून निघते आणि काही झाले तर कुणाला विचारायचे हे ठाऊक असते. ऐनवेळी आगाराने नाही म्हटले आणि खासगी ट्रॅव्हल्स ठरली की हे सारे बदलते. तो चालक काल रात्री कुठून आला, किती तास झोपला, त्या गाडीचे आपत्कालीन दार उघडते का, हे प्रश्न विचारायला कुणाला उसंतच नसते. कारण सगळे आदल्या संध्याकाळी ठरलेले असते.

आमच्या भागातल्या पालकाला याची भीती वाटते, आणि त्या भीतीला कारण आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे, मध्यरात्र उलटून दीडच्या सुमारास, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून गेले. ती शाळेची सहल नव्हती, हे खरे. पण रात्रीचा प्रवास आणि बंद दारांची बस यांचा अर्थ काय होतो हे या तालुक्याने स्वतःच्या शिवारात पाहिले आहे. केरळात वडक्कंचेरीजवळ ५ ऑक्टोबर २०२२ ला रात्री साडेअकराच्या सुमारास उटीकडे निघालेली शाळेच्या सहलीची बस राज्य परिवहनच्या गाडीवर आदळली. नऊ माणसे गेली, त्यांत पाच विद्यार्थी होते. पहाटे निघणारी गाडी रात्री निघणार असे ग्रुपवर कळवणाऱ्याला वेळापत्रकातला एक आकडा बदलल्यासारखे वाटत असेल. पालकाला मात्र तो सगळा प्रवासच वेगळा दिसतो, आणि ते बरोबर आहे.

स्थळाचेही तेच. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शिक्षण विभागाने शाळांच्या सहलींसाठी कडक सूचना काढल्या. समुद्रकिनारे, खोल पाणी, धोक्याचे डोंगर टाळावेत, शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी, पालकांचे संमतीपत्र घ्यावे, असा त्यांचा रोख होता. परवानगी मागायची ती ठरलेल्या स्थळांसाठीच. ‘वाटेत वेळ उरला म्हणून मुलांना जरा समुद्र दाखवला’ हे वाक्य सहलीहून परतल्यावर कौतुकाने सांगितले जाते, तेव्हा परवानगी आणि संमतीपत्र दोन्ही कागदावरच राहिलेली असतात. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला शाळेच्या सहलीतली बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व दोन शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुले बसवली होती. पाणी, बोट आणि उंच कडा यांच्याबाबत ‘ऐनवेळी ठरले’ हे उत्तर कोणत्याही शाळेने पुन्हा देऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे आणि त्याला मी मान देतो. शिक्षक म्हणतात, “आम्हाला याचे पैसे मिळत नाहीत. तीन रात्री झोप नसते, पन्नास मुलांची जबाबदारी डोक्यावर असते. वर परवानगी वेळेवर येत नाही, गाडी शेवटपर्यंत पक्की होत नाही. आम्ही काय करायचे?” यातला शब्द न् शब्द खरा आहे. दुसऱ्यांच्या मुलांना पोटाशी धरून गडावर चढवणारे, उलटी झालेल्या पोराचे कपडे धुणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांचे ऋण फिटण्यासारखे नाही. पण त्यांच्या कष्टाने पालकाचा विचारला जाण्याचा हक्क संपत नाही. परवानगी उशिरा येते हा शिक्षण विभागाचा दोष आहे, गाडी पक्की होत नाही हा आगाराचा. ते दोष पालकाच्या माथी मारण्याऐवजी पालकांना सोबत घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि आगारप्रमुखांकडे जावे. अर्ज ऑक्टोबरात द्यावा, पोच घ्यावी आणि निर्णयाची तारीख लेखी मागावी. एकट्या मुख्याध्यापकाला टाळता येते. शंभर पालकांच्या सह्यांचे निवेदन टाळणे तितके सोपे नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या त्या नुसत्या इतिवृत्तावर सही करण्यासाठी नाहीत.

तिसरा आक्षेप हमीपत्राचा असतो. “तुम्ही लिहून दिले आहे ना, की काही झाल्यास शाळा जबाबदार नाही?” असा कागद अनेक ठिकाणी छापून घेतला जातो आणि गरीब पालक तो न वाचता सही करतो, कारण सही केली नाही तर पोरगं घरी बसेल. हा कागद शाळेला वाचवतो असे ज्यांना वाटते त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद हा निकाल जरूर वाचावा. २८ मे १९९५ ला पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली होती आणि १४ लहान मुले बुडून मेली. न्यायालयाने शिक्षकांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी शाळेवर ठेवली आणि प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. मूल शाळेच्या ताब्यात असताना त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शाळेचेच राहते. मग न सांगता बदललेल्या सहलीसाठी जुना कागद पुढे करणे किती पोकळ आहे, हे वेगळे सांगायला नको.

चौथा आक्षेप जुन्या आठवणींचा आहे. “आमच्या वेळी कुठली संमतीपत्रे? गुरुजी न्यायचे, आम्ही जायचो.” खरे आहे. पण तेव्हा गुरुजी गावातच राहत. त्यांचे घर, त्यांचा स्वभाव, त्यांचे सोयरे सगळ्यांना माहीत असत. सहल जायची ती लोणारला, सिंदखेडराजाला, फार तर शेगावला. काही बदलले तर गुरुजी संध्याकाळी पारावर भेटत आणि तिथेच बोलणे होई. ती संमती कागदावर नसे, पण समोरासमोर बसून दिलेली असे. आज बरेच शिक्षक चिखली, मेहकर, बुलडाण्याहून येऊन-जाऊन करतात, आणि सहली अर्धा महाराष्ट्र ओलांडून रायगड-प्रतापगडाकडे जातात. जुन्या काळाचा दाखला द्यायचा तर समोरासमोर विचारण्याची ती रीतही घ्यावी लागेल.

आणि पाचवा आक्षेप, जो धमकीसारखा वापरला जातो: “अशा तक्रारी केल्या तर सहलीच बंद होतील. नुकसान तुमच्याच पोरांचे होईल.” याला ठाम उत्तर दिले पाहिजे. २२ मार्च १९९३ ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम उपसागरात शाळेच्या सहलीतली चार मुले छोट्या होड्या भरकटून मरण पावली. त्यांना समुद्रात नेणाऱ्या साहस केंद्रातून आदल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन प्रशिक्षकांनी सुरक्षिततेबद्दल लेखी इशारा दिला होता आणि त्याकडे दुर्लक्ष झाले होते. पालकांनी आवाज उठवला, १९९५ मध्ये अशा केंद्रांसाठी कायदा झाला आणि परवान्याची सक्ती आली. त्या देशात शाळांच्या सहली आणि शिबिरे बंद पडली नाहीत. युरोपीय संघाच्या २०१५ च्या निर्देशाने तर ठरवून घेतलेल्या सहलींसाठी स्पष्ट मर्यादा घातली आहे. निघण्याआधीच्या वीस दिवसांत दर वाढवता येत नाही. त्याआधीची वाढ आठ टक्क्यांहून जास्त असेल किंवा सहलीत मोठा बदल असेल, तर प्रवाशाला दंड न भरता माघार घेता येते. तिथे सहली चालूच आहेत. सहली बंद पडतात त्या अपघातांनी आणि तुटलेल्या विश्वासाने. वेळेवर विचारलेल्या प्रश्नाने अपघात टळतात.

हा विश्वास तुटण्याची सगळ्यात मोठी किंमत मुली मोजतात. खेड्यातल्या घरातून मुलीला तीन रात्रींसाठी बाहेर पाठवायचे तर आईला आधी सासूला समजवावे लागते, मग नवऱ्याला, मग भावकीला. ती सांगते, “भक्तनिवास आहे, अमक्या बाई सोबत आहेत, रात्रीचा प्रवास नाही.” या तीन वाक्यांवर घर राजी होते. सहलीच्या आदल्या दिवशी मुक्काम बदलतो आणि बाई येत नाहीत, तेव्हा त्या आईचा शब्द खाली पडतो. बहुतेक वेळा मुलीला ऐनवेळी घरी ठेवले जाते आणि पुढच्या वर्षी विषयच निघत नाही. परस्पर केलेल्या एका बदलाने त्या मुलीच्या हातून रायगड निसटतो, आणि पुढे तालुक्याबाहेरचे कॉलेज मागतानाही घरात ‘मागच्या वेळी काय झाले’ हे ऐकवले जाते. मुलींच्या शिक्षणावर भाषणे करणाऱ्यांनी हा हिशोब मांडून पाहावा.

तसेच दम्याच्या, फिट येणाऱ्या, रात्री अंथरूण ओले करणाऱ्या मुलांचे. त्यांच्या आयांनी हे गुपित एकाच शिक्षकाच्या कानात सांगितलेले असते. तो शिक्षक बदलला की औषधाची पुडी पिशवीतच राहते. नव्याने विचारणे म्हणजे ही माहिती नव्या माणसाला देण्याची संधीही असते.

सगळे बदल सारखे नसतात, हेही स्पष्ट केले पाहिजे. वाटेत घाट बंद झाला, धुके दाटले, एखादे मूल तापले, म्हणून शिक्षकाने रात्रीतून मार्ग बदलला तर त्याने योग्यच केले. तिथे पालकाला विचारत बसायला वेळ नसतो. निर्णय घ्यावा आणि लगेच कळवावे, इतकेच पुरे. धोका दिसला म्हणून निघण्याआधी सहल रद्द केली, तर पालकांनी त्या मुख्याध्यापकाच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. रडणाऱ्या पोराला समजावण्याचे काम आपले. माझा विरोध आहे तो फाटकातून बाहेर पडण्यापूर्वी, सवड असतानाही, न विचारता केलेल्या बदलांना.

मग करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे शाळेने सुरुवातीलाच दोन सहली जाहीर कराव्यात, एक लांबची आणि एक जवळची. एसटी मिळाली नाही, परवानगी अडली, तर जवळची सहल ठरलेल्या दिवशीच होईल असे आधी सांगावे. आमच्याकडे या पर्यायाची वानवा नाही. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा राजवाडा आहे, जिथे जिजाऊ जन्मल्या. तिथला मोतीतलाव आणि चांदणीतलाव जुन्या जलव्यवस्थापनाचा धडा देतात. लोणारचे उल्कापाताने झालेले सरोवर पाहायला जगभरातून अभ्यासक येतात, आणि त्याच गावी दैत्यसुदनाचे मंदिर आहे. मेहकरला शारंगधर बालाजी आहे. आणि आपले साखरखेर्डाच घ्या. ११ ऑक्टोबर १७२४ ला इथेच निजामउल्मुल्कने मुबारिझखानाला हरवले आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया घातला गेला. पुस्तकात एका ओळीत येणाऱ्या या लढाईची जमीन आमच्या मुलांच्या पायाखाली आहे. हा पर्याय आधीच सांगितला तर मुले तोही हौसेने स्वीकारतात. आदल्या रात्री सांगितला तर त्यांना फसवल्यासारखे वाटते, आणि त्या वाटण्यात खोटे काही नाही.

दुसरी गोष्ट, संमतीपत्रावर पाच बाबी ठळक लिहाव्यात: निघण्या-परतण्याची वेळ, वाहन, मुक्कामाची जागा, सोबतच्या शिक्षकांची नावे आणि वर्गणी. यातली कोणतीही बाब बदलली तर नवी सही घ्यावी. ग्रुपवरचा निरोप ही संमती मानू नये. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा जे बाहेरगावी कामाला आहेत, त्यांना वर्गशिक्षकाने फोन करावा. तिसरी गोष्ट, नको म्हणणाऱ्याचे पैसे सहल परतल्यावर आठवड्याभरात परत मिळावेत, मागायला लागू नयेत. उसने घेऊन भरलेले पैसे मागताना पालकाला अपमान वाटतो, आणि त्या अपमानापोटी कित्येकजण ते सोडून देतात.

पालकांचीही जबाबदारी आहे. संमतीपत्र वाचून सही करावी, वाचता येत नसेल तर वाचून घ्यावे. आजार लपवू नये. सभेला यावे, आणि शिक्षकाशी बोलताना तो आपल्या पोराला सांभाळणार आहे हे विसरू नये. पण ‘समजून घ्या’ या दोन शब्दांपुढे मान खाली घालू नये. समजून घेण्यासाठी आधी कुणी समजावून सांगावे लागते.

पुढच्या पालक सभेत सहलीचा विषय निघेल तेव्हा एवढे तीनच प्रश्न विचारा: यातले काही बदलले तर आम्हाला कोण, कधी आणि कसे विचारणार? आम्ही नको म्हटले तर पैसे कधी मिळणार? आणि लांबची सहल झाली नाही तर मुले कुठे जाणार? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. ज्या शाळेकडे ही उत्तरे आहेत, तिच्यासोबत आपली मुले निर्धास्त पाठवा. ज्या शाळेकडे ती नाहीत, तिने आधी ती शोधावीत आणि मग सह्या मागायला यावे.